डॉ. विक्रम साराभाई : अवकाशविज्ञान आणि सामान्य माणूस

प्रास्ताविक

ज्या देशाला धान्य परदेशातून आणावे लागते, त्या देशाने अग्निबाण उडवावेत काय? १९६० नंतरच्या दशकात हा प्रश्न भारतापुढे उभा होता आणि तो रास्तही होता. त्याचे उत्तर देण्याची जबाबदारी डॉ. विक्रम साराभाई यांनी स्वतःहून स्वीकारली. या घटकात आपण त्यांच्या जीवनकार्याचा परिचय करून घेणार आहोत. हे चरित्र अभ्यासताना तुम्ही केवळ सनावळी आणि पदे लक्षात ठेवू नका. चरित्रनायकाने हा प्रश्न कसा हाताळला, याकडे विशेष लक्ष द्या.

जडणघडण

विक्रम साराभाई यांचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबाद येथे झाला. वडील अंबालाल हे कापड गिरणीचे मालक होते, तर आत्या अनसूयाबेन यांनी १९१८ च्या संपात गिरणी कामगारांची बाजू घेतली होती. संपत्ती आणि तिच्याविषयीची जबाबदारी या दोन्हींचे संस्कार त्यांच्यावर एकाच घरात झाले, हे तुमच्या ध्यानात येईल.

केंब्रिज येथे पदवी घेतल्यानंतर दुसऱ्या महायुद्धामुळे ते भारतात परतले आणि बंगळूर येथे सर सी. व्ही. रामन यांच्या मार्गदर्शनाखाली विश्वकिरणांवर संशोधन करू लागले. तेथेच त्यांचा डॉ. होमी भाभांशी परिचय झाला. १९४७ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून ते मायदेशी आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली. कापड उद्योगासाठीची संशोधन संस्था आणि १९६१ मधील भारतीय व्यवस्थापन संस्था यांच्या उभारणीतही त्यांचा मोठा वाटा होता. माणसे हेरणे, त्यांना मोकळीक देणे आणि त्यांच्याभोवती संस्था वाढू देणे, ही त्यांची कार्यपद्धती होती.

थुंबा येथील प्रारंभ

१९६२ मध्ये अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमण्यात आली आणि साराभाई तिचे अध्यक्ष झाले. प्रक्षेपणासाठी केरळमधील थुंबा हे गाव निवडले गेले. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त तेथून जवळ जाते. त्यामुळे वातावरणाच्या वरच्या थरांतील विद्युतप्रवाहांचा अभ्यास तेथून चांगला करता येतो. परंतु त्या किनाऱ्यावर कोळ्यांची वस्ती होती आणि एक चर्चही होते. बिशपांनी गावकऱ्यांची संमती मिळवली, लोक दुसरीकडे राहावयास गेले आणि चर्चच्या वास्तूत कार्यशाळा सुरू झाली. या कार्यक्रमाची पहिली किंमत अशा रीतीने सामान्य मच्छीमारांनी मोजली, हे आपण विसरता कामा नये.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी तेथून पहिला अग्निबाण उडाला. अग्निबाण अमेरिकेचा होता आणि त्यातील उपकरण फ्रान्सचे. साराभाईंना त्यात कमीपणा वाटला नाही. मात्र उसन्या साधनांवर थांबावे, असेही वाटले नाही. चारच वर्षांनी, १९६७ मध्ये, अवघ्या ७५ मिलिमीटर व्यासाचा पहिला भारतीय अग्निबाण थुंब्याहून झेपावला. या कामात त्यांना मराठी सहकारीही लाभले. एकनाथ चिटणीस हे प्रारंभापासून त्यांच्यासोबत होते, तर अग्निबाणाच्या घन इंधनाचे काम वसंत गोवारीकर यांनी पुढे नेले.

उपयोजनाची दृष्टी

आता आपण मूळ प्रश्नाकडे वळू. चंद्रावर जाण्याच्या शर्यतीत श्रीमंत राष्ट्रांची बरोबरी करावी, असे साराभाईंचे म्हणणे नव्हते. शिक्षण, शेती, हवामान आणि दळणवळण यांतील अडचणी सोडवण्यासाठी उच्च तंत्रज्ञान वापरण्यात मात्र आपण कोणाच्याही मागे राहू नये, अशी त्यांची भूमिका होती. दूरचित्रवाणीचे मनोरे देशभर उभारण्यास अनेक वर्षे लागली असती. उपग्रह एकाच वेळी दुर्गम खेड्यांपर्यंत पोहोचू शकत होता. १९७० च्या सुमारास केरळात हेलिकॉप्टरमधून अवरक्त छायाचित्रे घेऊन नारळाच्या झाडांवरील रोग शोधण्याचा प्रयोग झाला. भारतातील दूरसंवेदनाचा तो आरंभ होय. पुणे जिल्ह्यातील आर्वी येथील उपग्रह भूकेंद्रही याच काळातील.

१९६६ मध्ये डॉ. भाभांचे अपघाती निधन झाल्यावर अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपदही साराभाईंकडे आले. १५ ऑगस्ट १९६९ रोजी ‘इस्रो’ची स्थापना झाली. त्याच वर्षी अमेरिकेच्या ‘नासा’शी शैक्षणिक दूरचित्रवाणीचा करार झाला. दोन्ही क्षेत्रांचा भार वाहत असतानाच ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळम येथे, वयाच्या अवघ्या ५२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारताचा एकही उपग्रह त्यांना पाहता आला नाही.

समारोप

१९७५-७६ मध्ये तो करार प्रत्यक्षात आला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत, साध्या तारेच्या जाळीपासून बनवलेल्या अँटेनांच्या साहाय्याने, शेती, आरोग्य आणि शिक्षणाचे कार्यक्रम दिसू लागले. वर्ष संपताच अमेरिकेने आपला उपग्रह दुसरीकडे हलवला आणि ते प्रक्षेपण थांबले. स्वतःच्या उपग्रहांची गरज का असते, हे या घटनेने स्पष्ट केले. १९७५ मध्ये ‘आर्यभट्ट’ सोव्हिएत अग्निबाणाने अवकाशात गेला होता. १९८० मध्ये भारताने स्वतःच्या अग्निबाणाने ‘रोहिणी’ कक्षेत सोडला आणि १९८३ मध्ये ‘इन्सॅट-१ बी’मुळे दूरसंचार, दूरचित्रवाणी व हवामान या तिन्ही सेवा एकत्र आल्या. २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेल्या यानाला ‘विक्रम’ हे नाव होते. परंतु साराभाईंच्या कार्याचे मोजमाप करताना तुम्ही चंद्राबरोबरच वादळाची सूचना वेळेवर मिळून किनाऱ्याला परतलेल्या मच्छीमाराचाही विचार करावा. ज्यांनी थुंब्याची जमीन दिली, त्यांच्यापर्यंत विज्ञान पोहोचले की नाही, याचे उत्तर तेथे मिळते.

स्वाध्याय

१. गरीब देशाने अवकाश संशोधनावर खर्च करावा काय? साराभाईंच्या भूमिकेच्या आधारे चर्चा करा.
२. थुंबा येथील प्रारंभाचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा.