अननस सोडून धुरक्याच्या मागे

1943 च्या जुलैमध्ये एके दिवशी लॉस एंजेलिसवर धुराचा जाड थर बसला. डोळे झोंबू लागले, घसे खवखवू लागले. महायुद्धाचे दिवस होते. जपानने विषारी वायू सोडला की काय, असे अनेकांना वाटले. मग संशय कृत्रिम रबरासाठी कच्चा माल बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. तो बंद करून पाहिला, तरी धुरके येतच राहिले.

लंडनचे धुरके कोळशाचे, थंडीतले, काजळी आणि सल्फर डायऑक्साइडचे. इथे मात्र लख्ख ऊन, आणि त्रास दिवस चढेल तसा वाढायचा. तरीही अधिकारी बरीच वर्षे गंधकाच्याच मागे होते.

हे कोडे सोडवणारे आरी हागेन-स्मिट यांचा जन्म 1900 सालचा, नेदरलँड्समधल्या उट्रेख्तचा. 1937 पासून ते कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेत होते. विषय वनस्पतींचा गंध. अननसाला अननसाचा वास नेमका कशाने येतो, हे शोधण्यासाठी ते फळावरची हवा अतिशीत नळ्यांतून नेऊन त्यातले सूक्ष्म अंश गोठवून पकडत. हेच तंत्र त्यांनी खिडकीबाहेरच्या हवेला लावले. हाती आले उग्र वासाच्या तपकिरी द्रवाचे काही थेंब.

त्यांवरून 1950 च्या सुमारास त्यांनी जे मांडले ते तेव्हा विचित्रच वाटले. धुरक्यातला मुख्य त्रासदायक घटक, ओझोन, कोणत्याही धुराड्यातून निघतच नव्हता. गाड्यांतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून हायड्रोकार्बन निघतात, जळणातून नायट्रोजनचे ऑक्साइड. ही दोन्ही उन्हात तापली, की हवेतच ओझोन तयार होतो. उंच वातावरणातला ओझोन आपले रक्षण करतो. नाकाशी आलेला ओझोन श्वासनलिकांना सूज आणतो, दम्याचा झटका आणू शकतो. वायू असल्याने साध्या मास्कने तो अडतही नाही. हागेन-स्मिट यांनी प्रयोगशाळेत असे धुरके बनवून पालकाच्या पानांवर सोडले. शेतातल्या पिकांवर पडत तसेच डाग उमटले. ताणलेल्या रबराला या हवेत किती लवकर भेगा पडतात, यावरून ते ओझोनचा अंदाज घेत.

म्हणजे दोष घरोघरच्या मोटारीचा, आणि ती चालवणाऱ्या इंधनाचा. तेल उद्योगाच्या पैशावर हवेचा अभ्यास करणाऱ्या संस्थेच्या एका शास्त्रज्ञाने थेट कॅलटेकमध्ये येऊन त्यांचे निष्कर्ष खोडून काढायचा प्रयत्न केला. हागेन-स्मिट चिडले. सुगंधाचे संशोधन बाजूला ठेवून ते पूर्णवेळ धुरक्याच्या मागे लागले. तो शास्त्रज्ञ आलाच नसता, तर कदाचित ते अननसाकडेच परतले असते.

पुढे त्यांचे म्हणणे इतरांनी पडताळले. पेट्रोलच्या टाक्यांतून उडणारी वाफ रोखली गेली, 1957 मध्ये परसात कचरा जाळायला बंदी आली, 1966 च्या मॉडेलपासून कॅलिफोर्नियात गाड्यांच्या धुरावर मर्यादा आली. 1968 मध्ये राज्याच्या हवा मंडळाचे ते पहिले अध्यक्ष झाले. मोटार कंपन्यांशी खटके उडत राहिले. 1973 मध्ये पद गेले. त्याच वर्षी राष्ट्रीय विज्ञान पदकही मिळाले. 1975 च्या मॉडेलपासून गाड्यांना धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. शिशामुळे ते निकामी होत असल्याने शिसेविरहित पेट्रोलही आणावे लागले.

1977 च्या मार्चमध्ये हागेन-स्मिट फुप्फुसाच्या कर्करोगाने वारले. गाड्यांचा धूर तपासणाऱ्या कॅलिफोर्नियातील सरकारी प्रयोगशाळेला त्यांचे नाव दिले गेले, ते त्याआधी काही आठवडेच.