विश्लेषण : निम्मे शहर प्लेगने गिळले, तेव्हा बोकाचिओने काय टिपले?

करोनाकाळात अनेकांना आपल्या माणसाला खांदाही देता आला नाही. पावणेसातशे वर्षांपूर्वी इटलीतील फ्लॉरेन्स शहरावर हीच वेळ आली होती. १३४७ ते १३५१ या काळात प्लेगच्या साथीने युरोपातील किमान एक तृतीयांश माणसे मारली. ‘ब्लॅक डेथ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या साथीत रोजचे जगणे कसे मोडून पडले, याचे सर्वाधिक वाचले गेलेले वर्णन जिओव्हानी बोकाचिओ या लेखकाचे आहे.

बोकाचिओ कोण होता?

त्याचा जन्म १३१३ चा. वडील फ्लॉरेन्सच्या बार्दी या मोठ्या पेढीशी जोडलेले व्यापारी. आईवडिलांचे लग्न झालेले नव्हते, पण वडिलांनी त्याला आपल्या घरी वाढवले. व्यापार शिकण्यासाठी त्याला नेपल्सला नेले, पुढे कायदाही शिकवला. मुलाचे मन मात्र कवितेत रमले. १३४१ च्या सुमारास तो फ्लॉरेन्सला परतला. त्यानंतर काही वर्षांतच बार्दी पेढी बुडाली.

साथ शहरात कशी आली?

काळ्या समुद्राकडून आलेली जहाजे १३४७ च्या ऑक्टोबरमध्ये सिसिलीतील मेसिना बंदराला लागली. त्यांच्याबरोबर प्लेग आला आणि १३४८ च्या वसंत ऋतूत फ्लॉरेन्सला पोहोचला. जांघेत किंवा काखेत गाठ यायची आणि रुग्ण काही दिवसांत दगावायचा. हवा दूषित झाल्याने रोग होतो, असा तेव्हाचा समज. त्यामुळे लोक सुगंधी वनस्पती नाकाशी धरून फिरत. या रोगाचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगमध्ये सापडला. १८९६-९७ मध्ये मुंबई-पुण्यात थैमान घालणारा जिवाणूही तोच.

रोजचे जगणे कसे बदलले?

एरवी कुणी गेले की नात्यातल्या आणि शेजारच्या बायका त्या घरी जमून शोक करत. पुरुष दाराबाहेर थांबत. मग बरोबरीची माणसे खांद्यावरून मृतदेह चर्चमध्ये नेत. प्लेगने ही रीत संपवली. पैसे घेऊन मृतदेह वाहणारी माणसे आली. एकाच तिरडीवरून दोघा-तिघांना नेले जाऊ लागले. दफनभूमीत जागा उरली नाही, तेव्हा मोठे चर खणून त्यात थरावर थर रचले गेले. भावाने भावाला, इतकेच नव्हे तर आईबापांनी मुलांना टाकल्याचे बोकाचिओने नोंदवले आहे. सेवेला माणूस मिळेनासा झाला आणि जे मिळत ते भरमसाट पैसे मागत. खेड्यांत पिके कापणीविना उभी राहिली, गुरे मोकाट फिरू लागली.

त्याच्या घरात काय घडले?

त्या वर्षी वडिलांकडे शहराच्या अन्नपुरवठ्याच्या कामातील पद होते. सावत्र आई साथीत गेली, पाठोपाठ वडीलही वारले. पस्तिशीतल्या बोकाचिओवर घराची आणि धाकट्या सावत्र भावाची जबाबदारी पडली. याच काळात त्याने ‘डेकॅमेरॉन’ लिहायला घेतले. सात तरुणी आणि तीन तरुण शहर सोडून गावाबाहेरच्या वाड्यात राहतात आणि १० दिवसांत १०० गोष्टी सांगतात, अशी त्याची रचना. त्यात व्यापारी, लबाड साधू, हुशार बायका आणि फजिती होणारे नवरे भेटतात. शेवटी ते दहाही जण त्याच शहरात परततात.

हे वर्णन कितपत विश्वासार्ह?

शहरात एक लाखाहून अधिक माणसे मेली, हा त्याचा आकडा अभ्यासक अतिरंजित मानतात, कारण शहराची एकूण लोकसंख्याच साधारण तेवढी होती. तरी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त माणसे गेली, असे मानले जाते. जुन्या ग्रंथांतील प्लेगच्या वर्णनांची छापही त्याच्या लेखनावर आहे. मात्र घाईने उरकलेली दफने आणि वाढलेली मजुरी यांना त्या काळच्या इतर नोंदींतूनही दुजोरा मिळतो. फ्लॉरेन्सचा इतिहास लिहिणारा जिओव्हानी विल्लानी याच साथीत मरण पावला. पुढचा भाग त्याच्या भावाने लिहिला.

पुढे काय झाले?

बोकाचिओची लाडकी मुलगी व्हायोलान्ते लहानपणीच गेली. १३६२ मध्ये एका धर्मगुरूने मरण जवळ आल्याचा इशारा दिला, तेव्हा घाबरून तो लेखन सोडायला आणि ग्रंथसंग्रह विकायला निघाला. त्याचा मित्र, कवी पेट्रार्क याने त्याला सावरले. १३७० च्या सुमारास, साठीकडे झुकलेला असताना, त्याने संपूर्ण ‘डेकॅमेरॉन’ स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून काढले. ती प्रत आज बर्लिनमध्ये आहे. २१ डिसेंबर १३७५ रोजी चेर्ताल्दो या गावी त्याचे निधन झाले. साथीत किती माणसे मेली, हे इतिहासकार आजही मोजत आहेत. मागे राहिलेल्यांचे काय झाले, हे जाणून घेण्यासाठी मात्र बोकाचिओच उघडावा लागतो.