बाबासाहेब सुखी होते काय?



विहाराच्या वर्धापनदिनाच्या अंकात काहीतरी लिहा, असा निरोप मंडळाकडून आला. आम्ही सूतगिरणीतले कामगार. शाळा लवकर सुटली, पुढचे सगळे वाचन पाळी सुटल्यावर झाले. तेव्हा भाषेत उणेअधिक दिसले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आमची पाचगणी म्हणजे पैसे मोजून सुख घ्यायला यायचे ठिकाण. साहेबाने हवा बघून हे गाव वसवले. मग क्षयाचे रोगी आले, मोठ्या घरची पोरं बोर्डिंगात आली आणि आता टेबललँडवर घोड्यावर बसायला मोटारी भरून माणसं येतात. चार दिवस राहून पसरणीचा घाट उतरतात. त्यांच्या बॅगा उचलणारे, खोल्या झाडणारे, भांडी घासणारे हात कोणाचे, ते लिहायला नको.

तर झाले असे की, वर्षावासात विहारात ग्रंथवाचन चालू होते. एका शाळकरी मुलाने मध्येच विचारले की, बाबासाहेब स्वतः सुखी होते काय? मोठी माणसं गप्प झाली. कोणी म्हणाले, त्यांचे सारे आयुष्य म्हणजे दुःखाचा डोंगर. आम्हाला ते पटले नाही, पण त्या वेळी नीट उत्तरही देता आले नाही. म्हणून हा लेखप्रपंच.

दुःखाचा हिशेब मोठा आहे, हे आधी मान्य करू. 14 एप्रिल 1891 ला महूला जन्म झाला, पण बाळपण आपल्याच सातारा जिल्ह्यात गेले. आई भीमाबाई साताऱ्यात वारल्या तेव्हा भिवा पाच-सहा वर्षांचा. त्या माउलीची समाधी साताऱ्यात आहे. आत्या मीराबाईंनी पोर सांभाळले. न्हावी डोक्याला हात लावीना, म्हणून बहीणच केस कापायची. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात नाव घातले. हा दिवस 2017 पासून महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, पण शाळेत त्या विद्यार्थ्याला बसायला घरून आणलेले गोणपाट होते आणि शिपायाने वरून पाणी ओतले तरच प्यायला मिळायचे. 1901 साली वडिलांना भेटायला गोरेगावला निघालेली ही मुले मसूर स्टेशनावर उतरली. जात कळल्यावर गाडीवान गाडी हाकीना. दुप्पट भाडे देऊन मुलांनीच बैल हाकले. सोबत भाकरतुकडा होता, पण रात्रभर पाण्याचा थेंब कोणी दिला नाही.

आता एक गोष्ट आमच्या विशेष जिव्हाळ्याची. वडिलांनी दुसरे लग्न केल्यावर भिवाचे मन घरात रमेना. साताऱ्याची पोरं मुंबईच्या गिरणीत लागतात, असे त्याच्या कानावर होते. आपणही बाबीन भरणारा पोऱ्या व्हायचे, असे त्याने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी काढायचा तीन रात्री प्रयत्न केला, चौथ्या रात्री ती हाती आली. आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई येत नाही. पोराला स्वतःची लाज वाटली. आता अभ्यास करायचा आणि लवकर स्वतःच्या पायावर उभे राहायचे, असे त्याने मनाशी धरले. आत्याच्या पिशवीत चार रुपये असते तर? आम्ही गिरणीवाले हा विचार कितीदा करतो, आणि अंगावर काटा येतो.

पुढे परळच्या डबक चाळीतली एकच खोली. तिथेच चूल, सरपण, जाते, शेळीसुद्धा. रामजीबाबा पोराला लवकर झोपवून रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे. 1907 साली मॅट्रिक पास झाल्यावर केळुस्कर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले. मग कोलंबिया, मग लंडन. न्यूयॉर्कला पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तके गोळा केली, त्यांतली बरीचशी 1917 साली बोटीबरोबर समुद्रात बुडाली. त्याच साली बडोद्यात एवढ्या शिकलेल्या माणसाला राहायला खोली मिळाली नाही. घरात गंगाधर, रमेश, इंदू आणि 1926 साली राजरत्न, अशी चार लेकरे गेली. 27 मे 1935 ला रमाई गेल्या. इथे एक गोष्ट स्पष्ट लिहितो, कोणी रागावू नये. बाबासाहेबांना ग्रंथांचे सुख मिळावे म्हणून त्या माउलीने आपले सुख गहाण टाकले. पंढरपूरला जायची साधी इच्छाही राहून गेली. आपल्या घरातले पुरुष समाजकार्यात रमतात तेव्हा चूल कोण ओढते, हे ज्याने-त्याने बघावे.

एवढे सोसूनही हा माणूस आंबट तोंडाचा झाला नाही. राजगृह बांधले ते मुख्यतः पुस्तकांसाठी. वाचायला बसले की जेवणाची शुद्ध नसायची. कुत्रा पाळायचे, झाडांची हौस होती, लहर आली तर स्वतः स्वयंपाक करायचे. उतारवयात मास्तर लावून व्हायोलिन शिकले. मानधनासाठी नाही, मैफिलीसाठी नाही, जिवाला बरे वाटते म्हणून. भगवंताने अनाथपिंडकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. प्रामाणिक कष्टाने मिळवण्याचे, ते खर्चण्याचे, कोणाचे देणे नसण्याचे आणि निर्दोष वागण्याचे. पठाणाचे व्याज ज्याच्या बापाने भरले, त्याला तिसऱ्या सुखाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. धम्म म्हणजे दारिद्र्याचे कौतुक नव्हे, हे बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात निक्षून मांडले आहे. आयुष्य म्हणजे निव्वळ दुःखच, असे सांगणारी चार आर्यसत्ये मूळ शिकवणुकीतली आहेत काय, ही शंकाही त्यांनी प्रस्तावनेत घेतली.

पण एकट्याने सुखी होऊन बसणे त्यांना जमण्यासारखे नव्हते. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात आपल्या माणसाला घेत नसत. धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धोटा दुसरा विणकर तोंडाला लावीना. पगार जास्त त्याच खात्यात. 1928 च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न रोखठोक ठेवला. लाल बावट्याच्या आमच्या मित्रांना आजही ही आठवण नकोशी वाटते, पण घडले ते घडले.

1942 ते 1946 ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. भाषणांत बारा तासांचे आठ तास केले असे ठोकून देतात, नेमके असे की 1946 च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे 54 तासांचे 48 तास झाले. त्याआधी 1945 साली पगारी सुटीचा कायदा झाला. सहा तास म्हणजे काय, ते पाळीवर उभे राहिलेल्यालाच ठाऊक. सहा तासांत माणूस झोपतो, पोराला मांडीवर घेतो, दिव्याखाली दोन पाने वाचतो. आम्ही जे काही वाचले ते त्या तासांत वाचले. त्याच 1946 साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज निघाले, आणि नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून वर्ग सकाळी ठेवले. स्वतःला पहाटे दोनला उठावे लागले होते, त्याची ही आठवण असावी, असे आपले आम्हाला वाटते.

शेवटची वर्षे शरीराने दगा दिला. मधुमेह, पायांच्या वेदना, नजर अधू. माईसाहेब औषधपाणी बघत. तरी लिखाण थांबले नाही. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात पांढरी वस्त्रे नेसून, हातात काठी घेऊन ते उभे राहिले. भदन्त चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि जुना धर्म सोडल्याचे सांगताना कंठ दाटून आला. असा भरून आलेला गळा दुःखाचा नसतो. एकवीस वर्षांपूर्वी येवल्यात दिलेला शब्द त्या दिवशी पुरा झाला होता, आणि समोर लाखो माणसे तोच शब्द घेत होती.

5 डिसेंबरच्या रात्री दिल्लीच्या अलिपूर रोडवरच्या घरात नानकचंद रत्तू पाय चेपत होते. बाबासाहेब डोळे मिटून बुद्धवंदना गुणगुणत होते, मग कबीराचे पद गुणगुणले. झोपण्याआधी त्यांनी बुद्धावरच्या ग्रंथाच्या प्रस्तावनेचे टाइप केलेले कागद उशाजवळ मागून घेतले, रात्री पुन्हा एकदा नजरेखालून घालायचे म्हणून.