दादा कोंडके आणि आपण शिकलेली माणसे

१४ मार्च १९९८ रोजी दादा कोंडके मुंबईत निवर्तले. अग्रलेखाची जागा ज्या थोरांसाठी राखून ठेवण्याची रीत आहे, त्यांच्या पंक्तीला दादांना बसविण्यास आमच्या व्यवसायाला नेहमीच संकोच वाटत आला. बारामती किंवा इंदापूरच्या बाजारात हा संकोच कोणास ठाऊक नाही. तेथे साठी-सत्तरी उलटलेल्या गृहस्थाजवळ दादांचे नुसते नाव काढावे; 'सोंगाड्या' कोणत्या गावच्या जत्रेत, कोणाच्या बैलगाडीतून जाऊन आणि घरी काय थाप मारून पाहिला, याची साग्रसंगीत हकीकत ऐकूनच उठावे लागते.

कोंडके घराणे याच पुणे जिल्ह्यातले, भोरकडच्या इंगवली गावचे. कृष्णा कोंडके यांचा जन्म मात्र ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईच्या नायगावात, गिरणगावाच्या चाळीत झाला. तारुण्यात थोड्याच अवधीत घरची अनेक माणसे एकामागून एक गेली. पुढे ज्याने महाराष्ट्राला पोट धरधरून हसविले, त्याच्या आयुष्याचा आरंभ असा सुतकात झाला. अपना बाजारात नोकरी, बँडपथक, सेवा दलाचे कलापथक अशी वळणे घेत ते रंगभूमीवर आले. १९६५ साली वसंत सबनीसांचे 'विच्छा माझी पुरी करा' उभे राहिले आणि त्यातील हवालदाराने दादांचे नाव घरोघर नेले. प्रयोगांची संख्या दीड हजारांच्या पलीकडे गेली.

या नाटकाला गर्दी कोणाची होती? शहरांतल्या नाट्यगृहांत तिकीट काढून सहकुटुंब बसणारे प्रेक्षक तुमच्या-आमच्यासारखेच होते. वगाचा बाज, राजकारणावरचे हजरजबाबी टोमणे, शब्दाला शब्द लागून निघणारा चावट अर्थ हे सारे तेव्हा लोककलेचे पुनरुज्जीवन ठरले. तोच माणूस तीच बतावणी घेऊन पडद्यावर आला, प्रेक्षक खुर्चीऐवजी भुईवर बसू लागला, आणि लगोलग आम्हांस सभ्यतेची आठवण झाली! गौळणीतल्या मावशीच्या तोंडी जे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले होते, त्याचे पाप एकट्या दादांच्या माथी मारण्यात आले.

भालजी पेंढारकरांच्या 'तांबडी माती'तून १९६९ साली दादा चित्रपटात आले. दोन वर्षांनी त्यांनी स्वतः 'सोंगाड्या'ची निर्मिती केली. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहाने देव आनंदच्या 'तेरे मेरे सपने'साठी या चित्रपटाला जागा नाकारली, तेव्हा शिवसेनाप्रमुखांना मध्ये पडावे लागले. मराठी चित्रपटाला मराठी राजधानीत दार उघडून घ्यावे लागत होते, ही गोष्ट दादांच्या टीकाकारांनी क्वचितच लक्षात घेतली. त्यानंतर 'एकटा जीव सदाशिव', 'आंधळा मारतो डोळा', स्वतः दिग्दर्शित केलेला 'पांडू हवालदार' असे करीत ओळीने नऊ चित्रपट रौप्यमहोत्सवी ठरले. त्याची नोंद गिनेसच्या विक्रमांत झाली.

'सोंगाड्या' आला १९७१ साली. पुढचे वर्ष दुष्काळाचे. नीरेच्या डाव्या कालव्याखालचा ऊस कसाबसा तगला, पण कालव्याच्या वरच्या अंगाला बारामती-इंदापूरचा जिरायती पट्टा होरपळून गेला. बागायतदारांच्या घरच्या बाया हातात घण घेऊन खडी फोडावयास बसल्या, पोरे सुकडीवर वाढली. त्या दिवसांतही जत्रेच्या माळावर तंबू पडला, की मजुरीतले पैसे गाठीला मारून माणसे जात. पुरुष एका बाजूस, बायका दुसऱ्या बाजूस, आणि पडद्यावर ढगळ चड्डीची लोंबती नाडी सावरीत हा भोळसट गडी पाटलाची, पुढाऱ्याची, फौजदाराची फजिती करीत असे. दिवसभर मुकादमाचा शब्द खाली मान घालून ऐकणाऱ्यांना ती फजिती कशी गोड लागली असेल, हे समजण्यास फार विद्वत्ता नको.

दादांची प्रत्येक गोष्ट आम्हांस मान्य आहे असे नव्हे. पुढील चित्रपटांत, विशेषतः हिंदीत, द्व्यर्थी शब्द हीच युक्ती होऊन बसली; पात्र विरत गेले आणि कोटी तेवढी उरली. स्त्रीची चेष्टाही कित्येक ठिकाणी बोचते, जरी उषा चव्हाणांची नायिका पुष्कळदा नायकाहून खंबीर असे. ही टीका करण्याचा अधिकार खचित आहे, पण तो चित्रपट पाहिलेल्याला. आमच्यापैकी बहुतेकांनी नुसती शीर्षके वाचून निकाल दिला.

त्यात प्रस्तुत लेखकही होता. १९९८ साली इंदापूर तालुक्यातील एका शाळेत आम्ही शिक्षक होतो. रविवारच्या वृत्तपत्रांनी बातमी घरोघर नेली होती. सोमवारी प्रार्थनेपूर्वी शाळेचे वृद्ध शिपाई जवळ आले आणि मुलांना दादांसाठी दोन मिनिटे उभे करणार का, असे त्यांनी चाचरत विचारले. आम्ही हसलो. शाळेत असल्या माणसांची नावे घ्यावयाची नसतात, असे काहीसे ऐकवलेही. ते काही बोलले नाहीत. घंटा देण्यास निघून गेले. दुपारी खडू आणावयास त्यांच्या खोलीत गेलो, तो कपाटाच्या दाराला आतून वृत्तपत्रातले दादांचे छायाचित्र चिकटविलेले, आणि वर शाळेच्या बागेतले जास्वंदीचे एक फूल खोवलेले. आम्ही खडू घेतला आणि कपाट पूर्वीसारखे लावून ठेवले.