मोजून चालणारे पंडित

नैनसिंह रावत यांचा जन्म १८३० साली कुमाऊँमधील मिलम गावी झाला. जोहार खोऱ्यातले हे गाव अकरा हजार फुटांहून उंच आहे. तिथले शौका लोक तिबेटशी व्यापार करत. उन्हाळ्यात मिलममध्ये राहायचे आणि बर्फ पडू लागले की मेंढ्या, मुलेबाळे, भांडीकुंडी घेऊन खालच्या गावांत उतरायचे. बिऱ्हाड हलवणे त्यांच्या अंगवळणीच पडले होते. पण वाट ठरलेली असे, आणि उन्हाळ्यात परत वर जायचे हेही ठरलेले असे.

नैनसिंह गावच्या शाळेत मास्तर झाले, म्हणून लोक त्यांना पंडित म्हणत. १८६३ साली माँटगोमेरी या अधिकाऱ्याने त्यांना सर्वेक्षण खात्यात घेतले. प्रशिक्षण डेहराडूनला झाले. तिबेटमध्ये इंग्रजांना बंदी होती, म्हणून नकाशासाठी माणसे वेषांतर करून पाठवत. प्रत्येक पाऊल सारखे टाकायचे आणि मोजायचे. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी होते आणि शंभर पावलांना एक मणी ओढायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राच्या जागी नोंदींचे कागद. पाणी किती तापमानाला उकळते ते पाहून उंची काढायची. सपाट परेड ग्राउंडवर ३० इंचांचे पाऊल राखताना आमची त्रेधा उडते. ते मात्र हे सारे खिंडी चढताना, कडाक्याच्या थंडीत, व्यापाऱ्याचे किंवा यात्रेकरूचे सोंग सांभाळत करत होते.

जानेवारी १८६६ मध्ये ते ल्हासाला पोचले. पुढच्या वर्षी तिबेटमधल्या सोन्याच्या खाणी पाहून आले. १८७४ मध्ये लेहहून निघून ल्हासा, तवांग करत १८७५ च्या मार्चमध्ये आसामात उतरले.

त्यांना भटकंतीचे वेड होते, असे मला वाटत नाही. भटक्या माणसाला मनात येईल तिकडे वळता येते. नैनसिंहांना वाटेत कोणी गप्पांत ओढले तर मोजणी चुकायची. हजारो मैल चाललेल्या या माणसाला रमतगमत चालणे कधी मिळाले असेल का?

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. सरकारने रोहिलखंडात एक गाव जहागीर दिले. डोंगरातल्या माणसाला मैदानातले गाव! पुढे त्यांनी तरुण सर्वेक्षकांना शिकवले.

१९६२ च्या युद्धानंतर तिबेटचा व्यापार थांबला आणि मिलम ओस पडले. बहुतेक घरांची छपरे आता कोसळली आहेत. तरी काही कुटुंबे अजून दर उन्हाळ्यात वर जातात आणि शेते पेरतात.