पाव्हलॉव्ह यांची कुत्री आणि आपल्या दारातले पिल्लू

या महिन्याच्या सुरुवातीला रोहिणखेडचा एक दहा-अकरा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर ओपीडीत आला. घरी आणलेल्या दोन महिन्यांच्या पिल्लाने त्याच्या बोटाला दात लावले होते आणि रक्त आले होते. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवायला लावली आणि रेबीजची लस सुरू केली. एवढ्याशा पिल्लाला कसला रेबीज, असे वडिलांना वाटत होते. पण पिल्लालाही रेबीज होऊ शकतो, आणि एकदा लक्षणे दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

बोलता बोलता कळले, की पिल्लू ऐकत नाही म्हणून मुलगा त्याला यू-यू करून जवळ बोलवायचा आणि जवळ आले की चापट मारायचा. तेव्हा त्याला मी इव्हान पाव्हलॉव्ह यांच्याबद्दल सांगितले.

पाव्हलॉव्ह यांचा जन्म 1849 साली रशियातल्या रियाझान गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मगुरू होते. लहानपणी उंचावरून पडल्याने तब्येत ढासळली आणि शाळेत जायला अकरावे वर्ष उजाडले. मुलानेही धर्मगुरूच व्हायचे, असे ठरलेले होते. पण शरीरशास्त्रज्ञ सेचेनोव्ह यांच्या मेंदूवरील लेखनाने तो भारावला आणि 1870 मध्ये धर्मशिक्षण सोडून सेंट पीटर्सबर्गच्या विद्यापीठात विज्ञान शिकायला गेला. पुढे वैद्यकाची पदवीही घेतली. 1881 मध्ये लग्न झाले, पण सुरुवातीची कित्येक वर्षे संसार ओढाताणीत गेला. चाळिशी ओलांडल्यावर प्राध्यापकी आणि स्वतःची प्रयोगशाळा मिळाली.

त्यांचा मूळ विषय कुत्र्याचे शिक्षण नव्हता, पचन होता. शस्त्रक्रिया करून ते कुत्र्याच्या जठराला किंवा लाळग्रंथीला बाहेर वाट काढून देत आणि नेमका किती रस पाझरतो ते मोजत. शस्त्रक्रियेनंतरही कुत्रे निरोगी राहावे, म्हणून निर्जंतुकतेची कडक काळजी घेत. तरीही त्या कुत्र्यांनी सोसले फार आणि कित्येक दगावली. आज तसे प्रयोग सहजासहजी करता येणार नाहीत. अपचनावर औषध म्हणून कुत्र्याचा जठररसही त्यांची प्रयोगशाळा विकत असे! पचनाच्या या संशोधनासाठी 1904 मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

पण एक गोष्ट त्यांना खटकत होती. अन्न तोंडात पडण्याआधीच, भांडे दिसले किंवा खाऊ घालणाऱ्याची पावले ऐकू आली, तरी कुत्र्यांना लाळ सुटे. दुसऱ्या कोणी ही मोजमापातली अडचण समजून सोडून दिली असती. पाव्हलॉव्ह यांनी उरलेले आयुष्य तिच्यामागे घालवले. आपल्याकडे घंटेची गोष्ट प्रसिद्ध आहे, पण ते टिकटिक करणारा मेट्रोनोम जास्त वापरत. आधी टिकटिक, लगेच अन्न, असे काही वेळा झाले की नुसत्या टिकटिकीवर लाळ येऊ लागे. अन्न देणे बंद केले, की हळूहळू लाळही थांबे. अन्न आधी आणि टिकटिक नंतर, असे केले तर मात्र कुत्रे काही शिकत नसे.

हे आपण गावात रोज पाहतो. नुसते जमिनीकडे वाकले तरी कुत्रे पळते, कारण वाकण्यामागून दगड येतो हे त्याने अनुभवलेले असते.

एका प्रयोगात कुत्र्याला वर्तुळ दाखवून अन्न दिले जाई, लंबवर्तुळ दाखवून मिळत नसे. मग लंबवर्तुळ हळूहळू वर्तुळासारखे करत नेले. फरक ओळखता येईना, तेव्हा शांत कुत्रे केकाटू लागले, उपकरणांना चावू लागले आणि आधी शिकलेलेही विसरले. 1924 च्या महापुरात लेनिनग्राडच्या प्रयोगशाळेत पाणी शिरले. वाचवलेल्या काही कुत्र्यांचे शिकलेले सारे भीतीने पुसले गेले. ते पुन्हा बसवायला बरेच दिवस लागले.

पिल्लाला बस, ये, थांब शिकवणाऱ्याने हे दोन प्रसंग ध्यानात ठेवावेत. गोंधळलेले किंवा घाबरलेले कुत्रे शिकत नाही, चावते.

आज्ञा पाळायला शिकवताना पाव्हलॉव्ह यांच्याइतकाच अमेरिकेच्या थॉर्नडाइक यांचा नियमही कामी येतो: ज्या कृतीनंतर चांगले काही मिळते, ती कृती प्राणी पुन्हा करतो. भाकरीचा तुकडा पिल्लाच्या नाकासमोरून वर, डोक्याकडे न्या. मान वर जाते आणि बूड आपोआप टेकते. त्याच क्षणी शाबास म्हणा आणि तुकडा द्या. हे जमू लागले, की हात हलवण्याआधी एकदाच बस म्हणा. घरातल्या सगळ्यांनी शब्द एकच वापरावा. एकाने बस आणि दुसऱ्याने खाली म्हटले, तर पिल्लाची गत लंबवर्तुळासारखी होते. एका वेळी पाच मिनिटे पुरेत. दात लावले तर हात काढून घ्या आणि खेळ थांबवा. आणि बोलावल्यावर आलेल्या पिल्लाला कधीही मारू नका. नाहीतर ये म्हणजे मार, एवढेच ते शिकेल.

1935 मध्ये पाव्हलॉव्ह यांच्या संस्थेच्या आवारात कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. पुढच्याच वर्षी, 27 फेब्रुवारी 1936 रोजी, न्यूमोनियाने ते वारले. वय होते 86.

तो मुलगा सातव्या दिवशी तिसऱ्या सुईला आला, तेव्हा पिल्लू बस म्हटल्यावर बसते, हे त्याने आपणहून सांगितले. बोलावल्यावर मात्र ते अजून चार हात लांबच थांबते. चापटा विसरायला त्याला वेळ लागेल. मुलाची अठ्ठाविसाव्या दिवसाची सुई बाकी आहे, आणि तीन महिन्यांचे झाले की पिल्लालाही रेबीजची लस द्यायची आहे. दोन्ही तारखा मी त्याच्याच वहीत लिहून दिल्या आहेत.