अखंड हृदयाचे ईशप्रेम : हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचे जीवन

अल्लाह एक आहे, ही साक्ष जिभेने देणे सोपे आहे. ती साक्ष हृदयाने देणे म्हणजे हृदयातील सर्वोच्च स्थान त्या एकासाठी मोकळे करणे होय. सूरह बकरहच्या एका आयतीत श्रद्धावंतांची ओळख सांगताना त्यांची नमाज किंवा त्यांचे दान यांचा उल्लेख न करता त्यांच्या प्रेमाचा उल्लेख आला आहे. अल्लाहवरील त्यांचे प्रेम इतर सर्व प्रेमांहून अधिक उत्कट असते, असा त्या आयतीचा आशय आहे. ईमानाचे मूळ येथे आहे. बाकीची सर्व इबादत या मुळातून फुटलेल्या फांद्या आहेत.

परंतु येथे संसारी माणसाच्या मनात एक प्रश्न उभा राहतो. आईवडील, पत्नी, मुलेबाळे, घर, होडी, दुकान, आखातातील नोकरी या सर्वांत जीव गुंतलेला असताना अल्लाहवर संपूर्ण हृदयाने प्रेम कसे करावे? हृदय एकच आहे आणि त्याचे वाटेकरी पुष्कळ आहेत. मग अल्लाहच्या वाट्याला उरलेसुरले येणार काय?

सूरह तौबाच्या चोविसाव्या आयतीत नेमक्या याच वाटेकऱ्यांची यादी आली आहे : वडील, पुत्र, बंधू, पत्नी, नातलग, कमावलेली संपत्ती, मंदीची भीती वाटणारा व्यापार आणि आवडती घरे. या गोष्टी प्रिय असू नयेत, असे तेथे म्हटलेले नाही. अल्लाह, त्याचे प्रेषित (स.) आणि त्याच्या मार्गातील झटणे यांच्यापेक्षा त्या अधिक प्रिय ठरल्या, तर अल्लाहच्या निर्णयाची वाट पाहा, असा इशारा आहे. म्हणजे प्रश्न प्रेम असण्याचा नसून त्याच्या क्रमाचा आहे. हा क्रम प्रत्यक्ष जीवनात कसा लावावा, हे आपल्याच किनाऱ्यावरील एका महापुरुषाने सुमारे सहाशे वर्षांपूर्वी जगून दाखवले. त्यांचे नाव हजरत मखदूम फकीह अली माहिमी (रह.).

किनाऱ्यावरचे घराणे

मखदूम साहेबांचा जन्म हिजरी 776 मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, माहीम येथे झाला. आज मुंबईच्या गजबजाटात हरवलेले माहीम तेव्हा खाडीच्या मुखाशी वसलेले एक स्वतंत्र बेट आणि बंदर होते. दक्षिणेला चौल, दाभोळ आणि उत्तरेला खंबायत अशा बंदरांच्या साखळीतील ती एक कडी होती. अरबस्तान आणि इराणकडून येणारी गलबते या किनाऱ्यावर लागत, आणि त्यांच्याबरोबर मालाइतकीच विद्याही उतरत असे.

त्यांचे घराणे नवाइत म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजातील होते. अरब मुळाचे आणि समुद्रमार्गे येऊन पश्चिम किनाऱ्यावर स्थिरावलेले हे लोक पिढ्यान्‌पिढ्या येथल्याच मातीचे झाले. वडील शेख अहमद हे विद्वान आणि धर्मनिष्ठ गृहस्थ होते. मातोश्रींचे नाव फातिमा. अलीचे पहिले शिक्षण वडिलांपाशी झाले. परंतु वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि घरात विधवा आई व तिचा अल्पवयीन मुलगा एवढेच उरले.

मुलाला विद्येची विलक्षण ओढ होती. त्या काळी विद्या म्हणजे प्रवास. उस्तादांच्या शोधात विद्यार्थी वर्षानुवर्षे घराबाहेर राहत. किनाऱ्यावर राहणाऱ्या मुलाला तर जहाजे रोज डोळ्यांसमोर सुटताना दिसत होती. पण आईला एकटे टाकून जाणे शक्य नव्हते, आणि ते आईलाही सोसले नसते. अलीने माहीम सोडले नाही. त्यांना हजरत खिज्र (अलै.) यांनी समुद्रकिनारी येऊन शिकवले, अशी आख्यायिका कोकणात घरोघरी सांगितली जाते. त्या आख्यायिकेमागचा बोध असा की, आईसाठी थांबलेल्या मुलाच्या विद्येची व्यवस्था अल्लाहने त्याच्या दारात केली.

येथे यमनचे हजरत उवैस करनी (रह.) आठवतात. प्रेषितांच्या (स.) हयातीत असूनही आईच्या सेवेमुळे त्यांना मदीनेला येता आले नाही. प्रेषितांवर त्यांचे प्रेम कमी होते, असे कोण म्हणेल? सहीह मुस्लिममधील रिवायतीनुसार खुद्द प्रेषितांनी (स.) त्यांच्या आईच्या सेवेचा उल्लेख केला, आणि त्यांची भेट झाल्यास त्यांच्याकडून आपल्यासाठी क्षमेची दुआ करवून घ्यावी, असे हजरत उमर (रजि.) यांना सुचवले. दूर राहूनही जवळ असणारे असे असतात.

पाण्याचा पेला

मखदूम साहेबांच्या बालपणातील एक प्रसंग कोकणातील मुस्लिम घरांत आजही आजी नातवंडांना सांगते. एके रात्री आईने पाणी मागितले. मुलगा पाणी घेऊन आला, तोवर तिला झोप लागली होती. तिला उठवावे तर झोपमोड होईल. पेला ठेवून झोपावे तर मध्येच जागी झालेली आई तहानलेली राहील. मुलगा पेला हातात धरून उशाशी उभा राहिला. पहाटे आईचे डोळे उघडले तेव्हा तो तसाच उभा होता. आईचे हृदय भरून आले आणि तिने त्याच्यासाठी हात उचलून दुआ केली.

ही कथा ऐकताना हदीस जाणणाऱ्यांना दुसरी एक रात्र आठवल्याशिवाय राहत नाही. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत गुहेत अडकलेल्या तिघा प्रवाशांची हकीकत आहे. गुहेच्या तोंडाशी शिळा कोसळली तेव्हा प्रत्येकाने केवळ अल्लाहसाठी केलेले आपले एक सत्कृत्य पुढे ठेवून सुटकेची याचना केली. त्यांतील एकजण वृद्ध आईवडिलांसाठी दुधाचे भांडे हातात घेऊन रात्रभर उभा राहिला होता. त्या कृत्याचे मोल कशात होते? ते अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी होते, यात. आईवडिलांवरील प्रेम आणि अल्लाहवरील प्रेम यांची तेथे वाटणी झालेली नव्हती. एक प्रेम दुसऱ्याच्या पोटात सामावले होते. सूरह बनी इस्राईलमध्येही अल्लाहचीच उपासना करण्याचा आदेश आणि आईवडिलांशी सद्‌वर्तनाचा आदेश एकाच आयतीत, एकापाठोपाठ आले आहेत.

आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर येथे सापडते. अल्लाहवर संपूर्ण हृदयाने प्रेम करणारा मनुष्य हृदयाचे तुकडे करून एक तुकडा अल्लाहला आणि दुसरा आईला देत नाही. तो अखंड हृदय अल्लाहला देतो, आणि मग अल्लाहने ज्याचा जो हक्क ठरवला आहे तो त्याच प्रेमातून पुरवतो. दिवा एकच असतो, उजेड मात्र घरातील प्रत्येक कोपऱ्यात पोहोचतो.

अरबीत सेवा करणाऱ्याला खादिम आणि ज्याची सेवा केली जाते त्याला मखदूम म्हणतात. आईच्या उशाशी खादिम होऊन उभा राहिलेला हा मुलगा पुढे साऱ्या कोकणाचा मखदूम झाला.

एकशे तेरा बिस्मिल्लाह

प्रेमाला ज्ञानाची जोड नसेल तर ते भाबडेपणाकडे झुकते. मखदूम साहेबांचे ईशप्रेम ज्ञानाच्या कष्टातून गेलेले होते. त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ म्हणजे ‘तब्सीरुर्रहमान व तैसीरुल मन्नान’ ही संपूर्ण कुरआनची अरबी तफसीर. माहीमच्या बेटावर लिहिलेला हा ग्रंथ पुढे हिजरी 1295 (इ.स. 1878) मध्ये कैरो येथील बूलाकच्या विख्यात छापखान्यातून प्रसिद्ध झाला. कोकणच्या मातीतील विद्येला अरब जगाने दिलेली ही पावती होती.

या तफसीरची दोन वैशिष्ट्ये विद्वान आवर्जून सांगतात. पहिले म्हणजे आयतींमधील परस्परसंबंध. एका आयतीनंतर दुसरी का येते, सूरहच्या नावाचा तिच्या आशयाशी काय संबंध आहे, याचा शोध मखदूम साहेब सतत घेतात. विसाव्या शतकात मौलाना हमीदुद्दीन फराही आणि मौलाना अमीन अहसन इस्लाही यांनी ज्या विषयाला शास्त्राचे रूप दिले, त्या विषयावर आपल्या किनाऱ्यावर पाच शतके आधी परिश्रम झाले होते.

दुसरे वैशिष्ट्य आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. कुरआनच्या 114 सूरहांपैकी सूरह तौबा वगळता 113 सूरहांच्या प्रारंभी बिस्मिल्लाह आहे. शब्द तेच आहेत. सामान्य भाष्यकार त्यांचा अर्थ एकदा सांगतो आणि पुढे जातो. मखदूम साहेबांनी प्रत्येक सूरहच्या आरंभी बिस्मिल्लाहचा अर्थ त्या त्या सूरहच्या विषयाला अनुसरून नव्याने उलगडला. अल्लाह, रहमान आणि रहीम ही तीच तीन नावे. परंतु दर वेळी त्यांतून कृपेचा वेगळा पैलू त्यांना दिसला.

प्रेमाची यापेक्षा स्पष्ट खूण कोणती? ज्याचे नाव उच्चारून जीभ सरावते पण मन हलत नाही, त्याच्याशी आपली केवळ ओळख असते. ज्याचे नाव प्रत्येक वेळी नवे वाटते, त्याच्यावर आपले प्रेम असते. आपणही जेवताना, दुकान उघडताना, होडी पाण्यात लोटताना बिस्मिल्लाह म्हणतो. दिवसातील एखादी बिस्मिल्लाह जरी थांबून, ज्याचे नाव घेतो आहोत त्याचे स्मरण करून म्हटली, तरी या तफसीरकाराचे थोडेसे ऋण फिटेल.

प्रेमाची कसोटी

मखदूम साहेबांनी तसव्वुफच्या गहन विषयांवरही लेखन केले. शेख शिहाबुद्दीन सुहरावर्दी (रह.) यांच्या ‘अवारिफुल मआरिफ’वर आणि शेख इब्ने अरबी (रह.) यांच्या ‘फुसूसुल हिकम’वर त्यांनी भाष्ये लिहिली. इब्ने अरबींच्या विचारांबद्दल उलमांमध्ये मतभेद आहेत आणि त्या चर्चेत शिरण्याचे हे स्थळ नव्हे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, इतक्या उंचीवर विचार करणारा हा माणूस शरीअतच्या पायरीवरून कधी खाली उतरला नाही. त्यांच्या नावापुढे फकीह ही उपाधी लागली, म्हणजे इस्लामी विधिशास्त्राचा जाणकार. कोकणातील मुसलमान ज्या शाफई मसलकाचे पालन करतात, त्यानुसार रोजच्या इबादतीचे मसाइल सांगणारा ‘फिकहे मखदूमी’ हा ग्रंथ त्यांच्या नावे प्रसिद्ध आहे. जे हात ईशज्ञानाची सूक्ष्म कोडी उलगडत होते, त्यांना वुजू कसा करावा हे सामान्य माणसाला समजावून सांगणे कमीपणाचे वाटले नाही.

सूरह आले इमरानमध्ये (आयत 31) अल्लाहवरील प्रेमाची कसोटी सांगितली आहे. जे अल्लाहवर प्रेम असल्याचे म्हणतात त्यांनी प्रेषितांचे (स.) अनुसरण करावे, मग अल्लाह त्यांच्यावर प्रेम करील आणि त्यांचे गुन्हे माफ करील, असा तिचा भावार्थ आहे. दावा भावनेचा असला तरी पुरावा आचरणाचा मागितला आहे. मखदूम साहेबांच्या जीवनात भावना आणि आचरण यांच्यात फट दिसत नाही.

त्यांच्या हयातीत माहीमवर गुजरातच्या सुलतानांची सत्ता होती. अहमदाबाद वसवणारा सुलतान अहमद शाह त्यांचा समकालीन. आयुष्याच्या अखेरच्या काळात या बेटासाठी गुजरात आणि बहमनी फौजांमध्ये लढाया झाल्या. सत्ता हलत राहिली. मखदूम साहेबांची लेखणी आणि त्यांचा मुसल्ला मात्र जागचा हलला नाही. हिजरी 835 मध्ये, सुमारे एकोणसाठ वर्षांचे आयुष्य पूर्ण करून, त्यांनी माहीम येथेच इहलोकाचा निरोप घेतला.

आपल्यासाठी

आज माहीमला दर डिसेंबरमध्ये त्यांच्या नावाने मोठी जत्रा भरते. मुंबई पोलिसांकडून संदल अर्पण करण्याची जुनी प्रथा तेथे आहे. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूडपासून कितीतरी कुटुंबे तिकडे जातात. त्यांच्या मनातील आदर खरा आहे. परंतु त्या आदराला एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे : ज्यांच्यावर आपण प्रेम करतो, त्यांनी कोणावर प्रेम केले? ज्यांनी आयुष्यभर अल्लाहकडे बोट दाखवले, त्यांचे बोट धरून अल्लाहकडे जाणे हे त्यांच्यावरील प्रेम होय. त्या बोटापाशीच थांबणे आणि मागणी अल्लाहऐवजी त्यांच्याकडे करणे, हे खुद्द मखदूम साहेबांच्या शिकवणीला सोडून होईल. ज्यांनी 113 वेळा अल्लाहच्या कृपेचा अर्थ उलगडला, त्यांच्या स्मरणाने आपले मन त्या कृपेच्या दाराशी पोहोचले पाहिजे.

आणि दुसरा प्रश्न आपल्या घरांना आहे. आपल्या किनाऱ्यावरील कित्येक घरांत आज वृद्ध आई एकटी असते. मुलगा आखातात आहे. तो तिच्यासाठीच राबतो, पैसे वेळेवर पाठवतो, आणि त्याचे कष्ट अल्लाहजवळ नक्कीच मोजले जातील. प्रत्येकाला थांबणे शक्य नसते. पण दूर असणाऱ्याच्याही हातात एक पेला असतो : रोजचा एक फोन, घाई न करता ऐकलेले तिचे बोलणे, सुट्टीतील दिवसांपैकी तिच्यासाठी राखलेले दिवस. जो जवळ आहे त्याच्या हातात तर खराच पेला आहे. तो आईच्या समाधानासाठी आणि त्याहून अधिक अल्लाहच्या प्रसन्नतेसाठी धरला, तर तीच इबादत ठरते.

हे अल्लाह, आमच्या हृदयांचे तुकडे होऊ देऊ नकोस. तुझे प्रेम, तुझ्यावर प्रेम करणाऱ्यांचे प्रेम आणि तुझ्या प्रेमाजवळ नेणारे आचरण आम्हाला दे. आमच्या आईवडिलांवर, त्यांनी लहानपणी आमच्यावर केली तशी, दया कर. हजरत मखदूम अली माहिमी (रह.) यांचे दर्जे उंचाव, आणि त्यांच्या किनाऱ्यावरील आम्हा सर्वांना त्यांच्या वाटेने तुझ्यापर्यंत पोहोचव. आमीन.